तुम्ही पाहत होतात

केनेवाहुन
२२ फेब्रुवारी २०१५

मेट्रन,

तुम्ही पाठवलेलं कॅलेंडर मिळालं. बो शहराहून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने ते सुक्या माशांच्या टोपलीवर ठेवून आणलं, त्यामुळे कोपऱ्यांना वास आहे, पण फाटलेलं नाही. सोबतची चिठ्ठीही वाचली. राजधानीत तुमचं बस्तान बसलं, नव्या नर्सना शिकवायचं काम मिळालं, हे वाचून बरं वाटलं. संरक्षक सूट कसा उतरवायचा हे तुमच्याइतकं नीट शिकवणारं दुसरं कोणी नाही, असं मी सगळ्यांना सांगते. म्हणजे सांगायचे. आता इथे माझ्याशी बोलणारे फार उरले नाहीत.

तब्येतीचं विचारलंत. डाव्या डोळ्याने अजून धुरकट दिसतं. सकाळी उठल्यावर गुडघे वाकत नाहीत, ऊन वर आलं की सैल होतात. इबोलातून वाचलेल्या सगळ्यांना हे होतं म्हणतात. केस परत आलेत.

आई बरी आहे. ती माझ्याशी बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक नसेल. माझी बहीण तेन्ने, तिच्या चाळीसाव्या दिवसाच्या विधीला गावच्या बारीत, म्हणजे सभेच्या मांडवात, चीफ आणि सगळ्या म्हाताऱ्यांसमोर, तुमचं निवेदन वाचून दाखवलं, त्या दिवसापासून. आम्ही एकाच घरात राहतो. मला काही सांगायचं असलं की आई शेजारणीला हाक मारते. म्हणते, "त्या नर्सबाईला सांग, पाणी संपलंय." शेजारीण मान वळवते आणि मला सांगते, "पाणी संपलंय." मी तिथेच उभी असते, दोन हातांवर.

मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही पाहिलं ते लिहिलंत. गॉगल काढताना माझा हात डोळ्याकडे गेला असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे गेलाच असणार. मला त्या दिवशीचं नीट आठवत नाही. आत तासाच्या वर झाला होता, बुटात घाम घोट्यापर्यंत आला होता. एवढंच आठवतं की तुमचा आवाज शेवटपर्यंत कानात होता.

एक विचारायचं होतं. कॅलेंडरच्या ऑगस्टच्या पानावर तुमचा फोटो आहे, आपल्या केंद्राच्या फाटकापाशी, केंद्र पाहायला आलेल्या पाहुण्यांबरोबर. खाली तारीख छापलीय, १४ ऑक्टोबर २०१४. त्या दिवशी पाहुणे किती वाजता आले होते, तुम्हाला आठवतं का?

सहज विचारलं.

तुमची
बाइंदू स्वारे


केनेवाहुन
२९ मार्च २०१५

मेट्रन,

पाच आठवडे झाले, उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं मी आधी धरून चालले. मग ड्रायव्हर म्हणाला, "मी स्वतः तिच्या हातात दिलं. तिने उभ्या उभ्या वाचलं आणि आत गेली."

तेव्हा आता सहज विचारत नाही.

त्या फोटोत तुम्ही हसताय. निळा स्वच्छ गणवेश, गळ्यात ओळखपत्र, एका हाताने पाहुण्यांना केंद्राचा नकाशा दाखवताय. तुमच्या उजव्या खांद्यामागे जाळीचं कुंपण आहे. त्या जाळीपलीकडे सूट उतरवायची जागा, ती लाकडी फळी, दोन बादल्या. फळीवर एक जण उभी आहे. पांढरा सूट, गॉगल, मास्क, सगळं अंगावर. एप्रन तेवढा निघालाय. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेत. तिच्या आजूबाजूला कोणी नाही. मी शाळेतल्या मास्तरांकडून भिंग आणलं. सूटच्या छातीवर मार्करने लिहिलेल्या नावातली पहिली दोन अक्षरं वाचता येतात, आणि खाली आत शिरल्याची वेळ. १०:२०.

त्या दिवशी दहा वीसला आत शिरलेली मी होते, मेट्रन. माझी जोडीदारीण माझ्या आधी बाहेर पडली होती, तिला चक्कर आली म्हणून. फळीवर मी एकटी होते आणि माझ्यावर नजर ठेवायला तुम्ही होतात. तुमचा नियम होता, मी सांगितल्याशिवाय बोट हलवायचं नाही. पहिल्या दिवशी तुम्ही आम्हा सगळ्यांना ओळीत उभं करून म्हणाला होतात, "आत कोणी मरत नाही ग. मरण बाहेर येताना हाताला लागतं. उतरवणारी बाई आंधळी असते, तिचे डोळे मी."

मी लान्सानाला शोधून काढलं. पाठीवर क्लोरीनचा पंप घेऊन फिरणारा आपला लान्साना, आता बोमध्ये टायरच्या दुकानात आहे. त्याच्यासमोर ते पान धरलं. 

"हो," म्हणाला. "तुझे बूट फवारले आणि एवढ्यात फाटकावर हॉर्न वाजला. मला बोलावलं, जीपची चाकं फवार म्हणून. मी पोचलो तेव्हा मेट्रन आधीच तिथे होती."

"किती वेळ?"

"दोन जीप. आठ चाकं. मग पाहुण्यांचे बूट. पंधरा-वीस मिनिटं धर."

"आणि मी?"

"मला वाटलं, तू उरकून गेली असशील."

"मग निवेदन लिहिलं तेव्हा बोलला का नाहीस?"

"विचारलं कोणी? आणि विचारलं असतं तरी मेट्रनच्या विरुद्ध मी काय बोलणार, बाइंदू? तिच्या एका शब्दावर माझं काम होतं. घरात सात तोंडं." मग खाली बघून म्हणाला, "शिवाय तू मरशील असं वाटलं होतं सगळ्यांना."

आता मला कळतं की काय झालं. तुम्ही 'हात धू' म्हणालात, 'थांब' म्हणालात, आणि गेलात. मी थांबले. किती वेळ ते माहीत नाही. फोटोत मी थांबलेली आहे. त्या उन्हात, त्या सूटमध्ये, हात लांब धरून. मग केव्हातरी मला राहवलं नसेल, श्वास कोंडला असेल, आणि मी पुढचं सुरू केलं. तुमचा आवाज होता कानात, तो खरा आहे. पण तो माझ्या डोक्यातला होता. दोन महिने रोज दोनदा ऐकलेलं. हात धू. थांब. टोपी मागे. हात धू. थांब. झिप. हनुवटी वर. उलटा गुंडाळ. थांब. तुम्ही नसतानाही तुम्ही बोलत होतात, आणि मी तुमचं ऐकत होते.

माझा हात डोळ्याकडे गेला का? गेला असेल. गेला नसेल. हे सांगू शकणारं जगात एकच माणूस असायला हवं होतं, आणि ते फाटकावर नकाशा दाखवत होतं.

मी कपडे बदलून बाकावर पाणी पीत बसले होते, तेव्हा तुम्ही आलात. हातात पाटी आणि कागद. माझ्यासमोर सूट उतरवायच्या बारा पायऱ्यांपुढे बारा खुणा केल्यात, खाली सही केलीत आणि म्हणालात, "शाबास." मला वाटलं, तुम्ही सगळं पाहिलं.

मग आठ दिवसांनी मला ताप आला. आणि मी ताप घेऊन केंद्राच्या तंबूत पडले असताना तुम्ही लिहिलंत: 'नर्स स्वारे हिने माझ्या डोळ्यांदेखत चूक केली. मी तिला डॉक्टरांना कळव असं बजावलं. ती न कळवता घरी निघून गेली.'

ते शेवटचं वाक्य बारीत दोनदा वाचलं गेलं. चीफ म्हणाले, "परत वाच, म्हातारीला ऐकू आलं नाही." आईला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.

तुम्ही पाहिलं होतंत, तर मला घरी का जाऊ दिलंत? एकवीस दिवस वेगळं ठेवायचा नियम तुम्हीच शिकवलात. आणि पाहिलं नव्हतंत, तर लिहिलंत कसं?

एकाचं तरी उत्तर द्या.

बाइंदू


केनेवाहुन
५ मे २०१५

मेट्रन,

तुमचं पत्र आलं. चार पानं. चार वेळा वाचलं.

तुम्ही कबूल केलंत, याचं मला बरं वाटायला हवं होतं. 'मी पाच मिनिटांसाठी गेले' असं लिहिलंत. आठ चाकं पाच मिनिटांत होत नाहीत. पण ते सोडून देते.

तुम्ही लिहिता: 'त्या आठवड्यात केंद्रात बेचाळीस रोगी होते आणि नर्स एकोणीस. त्यातल्या अकरा जणी पिशव्या भरून फाटकापाशी बसल्या होत्या. मी तिथे नव्हते असं त्यांना कळलं असतं, तर एकही परत आत गेली नसती. बाइंदूची चूक झाली म्हटल्यावर त्यांना वाटलं, आपण चुकलो नाही तर वाचू. त्या पिशव्या ठेवून आत गेल्या. तू वाचलीस ती त्यांच्यामुळे. तुला पाणी पाजायला कोणी होतं, ते त्या कागदामुळे.'

हे वाचून मी दोन दिवस पत्र उशाखाली ठेवून दिलं. कारण हे खरं असेल. मला पाणी कोणी पाजलं ते मला आठवतं. ती मासान्ना होती, आणि ती पिशवी भरून बसलेल्यांपैकी होती, हे तिने मला नंतर हसत हसत सांगितलं होतं.

मग तिसऱ्या दिवशी माझ्या मनात आलं की बेचाळीस जणांसाठी खोटं बोलायचं होतं, तर स्वतःवर घ्यायचं. 'मी पाहत होते, मला चूक दिसली नाही, माझी नजर चुकली' असं लिहायचं. तेव्हाही अकरा जणी परत आत गेल्या असत्या, दुसरी मेट्रन मागून घेऊन. तुम्ही मला निवडलंत, कारण मी तंबूत पडले होते आणि बोलू शकत नव्हते. तुम्ही स्वतःच लिहिलंय खाली, 'तू वाचशील असं मला वाटलं नव्हतं.' मेलेल्या माणसाच्या नावाला काय होणार, असा तो हिशेब.

पण डिसेंबरात मी मेले नव्हते, मेट्रन. आईने चीफकडून केंद्राला विचारणा पाठवली, माझी थोरली मुलगी कशी गेली ते सांगा म्हणून. त्या वेळी मी सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडून महिना झाला होता. तुम्ही मला फाटकापर्यंत सोडायला आला होतात. सगळे टाळ्या वाजवत होते, तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि त्यानंतर तुम्ही तोच कागद पुन्हा नकलून, नवी तारीख घालून, माझ्या आईला पाठवलात. 'एकदा लिहिलेलं बदलता आलं नाही' म्हणता. हाताने नक्कल करता आली, बदलता आलं नाही.

आता मी एक सांगते. ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

ताप आला तो बुधवार होता. तेन्ने बाजारातून आली, तिने टोपली खाली ठेवली, माझ्या कपाळाला हात लावला. माझी बहीण अडाणी नव्हती. रेडिओवर दिवसातून दहा वेळा सांगत होते. ती हात न काढता म्हणाली, "बाइंदू, हे ते तर नाही ना?"

मी नर्स. मला माहीत होतं की ताप आला की पहिलं काम काय. दाराला आतून कडी लावायची, तेन्नेला बाहेर ठेवायचं, केंद्राला फोन करायचा. मी म्हणाले, "छे. मलेरिया आहे. माझी एकही पायरी चुकली नाही. मेट्रन पाहत होती."

ती हसली. म्हणाली, "तुझी मेट्रन म्हणजे देवच की."

आणि तिने माझी चादर धुतली. दोन दिवस धुतली. उलटी पुसली. माझ्या तोंडात पेज घातली आणि उरलेली स्वतः खाल्ली, कारण टाकून देणं तिच्या जिवावर यायचं. तिसऱ्या दिवशी मला उठता येईना तेव्हा तिने ॲम्ब्युलन्स बोलावली. अकरा दिवसांनी तीच ॲम्ब्युलन्स तिला घेऊन आली. तिचा तंबू माझ्या शेजारी होता. कापडापलीकडून ती मला हाक मारायची. मी ओ द्यायचे. मग एका सकाळी नुसती मीच ओ देत होते.

म्हणजे चूक माझीही आहे. ती मी माझ्या डोक्यावर घेते आणि मरेपर्यंत ठेवीन. पण ती चूक मी तुमच्या बारा खुणांवर विसंबून केली. तुम्ही मला पाहिलं नाही असं मला त्या दिवशी बाकावर नुसतं सांगितलं असतंत, 'बाइंदू, मी नव्हते, काही दिवस घरी जाऊ नको,' एवढंच, तर मी एकवीस दिवस केंद्राच्या मागच्या खोलीत काढले असते आणि तेन्ने आज बाजारात कसाव्याची गारी विकत बसली असती.

बेचाळीस रोग्यांचं सांगता. पाहुण्यांचं सांगा. त्यांना पंधरा मिनिटं थांबा म्हणायला काय झालं होतं?

तुम्ही लिहिलंय, राजधानीत ये, तुझ्यासाठी जागा आहे, माझ्या हाताखाली शिकव. नको. मला एक कागद हवा आहे. जो बारीत वाचता येईल. एवढंच.

बाइंदू


उत्तरेकडच्या केंद्रातून
१९ सप्टेंबर २०१५

मेट्रन,

तुम्ही इथे त्या टोकाच्या तंबूत राहता आणि मी या टोकाच्या. मधे साठ पावलं आहेत. तरी पत्र लिहितेय, कारण तोंडाने बोलायला लागले तर मी काय बोलेन याचा मला भरवसा नाही.

कागदाची वाट मी जून, जुलै पाहिली. ऑगस्टमध्ये इथल्या नदीकाठच्या गावात पुन्हा रोगी सापडले आणि वाचलेल्यांना कामाला बोलावलं. मी आत जायचं काम मागितलं नाही. मी फळीपाशी उभं राहायचं काम मागितलं. इथल्या डॉक्टरने विचारलं, "तू नर्स आहेस, आत का नको?" मी म्हणाले, "मला पाहायचं काम द्या. मी हलणार नाही." तो जरा विचित्र नजरेने बघून म्हणाला, "बरं."

तुम्ही येणार हे मला माहीत नव्हतं. शिकवायला आलात असं वाटलं. मग यादीत तुमचं नाव दिसलं, आत जाणाऱ्यांत. बावन्नाव्या वर्षी. का, ते मी विचारलं नाही, आणि तुम्ही सांगूही नका. मला ऐकायचं नाही.

परवा काय झालं ते तुम्हाला नीट माहीत नसेल. तुमच्या गॉगलला वाफ धरली होती. तुम्हाला काय दिसलं असेल कोण जाणे. मी सांगते.

तुम्ही बाहेर आलात तेव्हा छातीवर तुमचं नाव आणि वेळ, 'जोसेटा ९:४०', होतं आणि घड्याळात अकरा वाजून गेले होते. एवढा वेळ कोणी राहत नाही. तुम्ही फळीवर चढलात, बूट फवारून झाले. मी तोंडासमोर प्लास्टिकची ढाल लावून दोन हात लांब उभी. मी म्हणाले, "हात धुवा. थांबा."

तुम्ही दचकलात. आवाज ओळखलात. तोपर्यंत ढालीमागे मी आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही मान माझ्याकडे केली आणि तशाच राहिलात. मला तुमचे डोळे दिसत नव्हते, नुसती धुरकट काच. मला वाटलं, तुम्ही आता विचार करत असाल की ही मला सोडून जाईल का.

खरं सांगते, जायचीही गरज नव्हती. नुसती मान वळवली असती तरी पुरलं असतं. कागदावर बारा खुणा करायला मला कोण अडवणार होतं?

एप्रन निघाला. बाहेरचे हातमोजे निघाले. सूटची झिप खाली आली आणि तुम्ही खांदे सोडवायला लागलात तेवढ्यात तुमचे गुडघे गेले. तुम्ही फळीवर बसकण मारलीत. श्वास कापत होता, मास्क आतबाहेर होत होता. आणि तुमचा उजवा हात मास्ककडे निघाला. ओढून काढायला. त्या हाताने सकाळभर काय काय उचललं होतं ते तुम्हाला माहीत, मला माहीत.

मला तुम्हाला हात लावता येत नाही. धरता येत नाही. मी म्हणाले, "मेट्रन, हात खाली." हात थांबला नाही. पुन्हा म्हणाले. थांबला नाही. तेव्हा मी ओरडले, "जोसेटा, हात खाली घे. बोट हलवलंस तर बघ."

तुम्हाला नावाने आणि 'तू' करून तुमच्या आईनंतर कोणी बोलावलं नसेल. हात हवेत राहिला. चार बोटं अंतर होतं.

"माझ्याकडे बघ. श्वास नाकाने घे. हळू. अजून एक. मी इथे आहे. मी कुठे जात नाही. तू बसूनच राहा, बसून काढू. हात धू. थांब."

बसून सूट काढायचं कोणत्याच कागदात लिहिलेलं नाही. आपण काढला. प्रत्येक पायरीला दोन-दोन मिनिटं. गॉगल काढताना मी म्हणाले, "डोळे मीट, पुढे वाक, मागून पट्टा धर," आणि तुम्ही लहान मुलीसारखे डोळे घट्ट मिटलेत. मग मास्क. मग आतले हातमोजे, एकाच्या आत एक. पस्तीस मिनिटं लागली. त्यात मी एकदाही पापणी हलवली नाही असं म्हणणार नाही, पण नजर हलवली नाही. मागे कोणीतरी दोनदा हाक मारली. मी ओ दिली नाही.

मग तुम्ही बाकावर बसलात, तोंड लाल, केस चिकटलेले. मी पाणी ठेवलं. तुम्ही म्हणालात, "तू गेली असतीस तर?"

मी म्हणाले, "गेले नाही."

तुम्ही माझा हात धरायला हात पुढे केलात. मी मागे सरले. इथे कोणी कोणाला शिवत नाही, म्हणून सरले असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नव्हतं. मला तुमच्या हातात हात द्यायचा नव्हता. मी तुम्हाला वाचवलं, कारण ते माझं काम आहे. तुमच्या जागी गावात तुमचं निवेदन वाचणारा कारकून असता तरी हेच केलं असतं. याला माफी समजू नका.

कागद लिहून ठेवा, असं मी तेव्हाच म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत. आज तिसरा दिवस.

बाइंदू


केनेवाहुन
११ ऑक्टोबर २०१५

मेट्रन,

कागद मिळाला. तुमची सही, तारीख, खाली तिथल्या डॉक्टरची साक्ष. मी रजा घेऊन गावी आले आणि काल तो बारीत वाचला गेला.

मी स्वतः वाचायला उभी राहिले नाही. चीफनी मास्तरांना सांगितलं. माणसं बरीच जमली होती, डिसेंबरात होती त्यापेक्षा कमी. एखाद्याची चूक ऐकायला लोक जास्त येतात.

मास्तरांनी सावकाश वाचलं. तुम्ही लिहिलंय: 'त्या दिवशी मी माझी जागा सोडून फाटकावर गेले. नर्स बाइंदू स्वारे हिची चूक मी पाहिली नाही. तिला मी काही बजावलं नव्हतं. मी आधी दिलेलं निवेदन खोटं होतं. तिच्या नावाला लागलेला बट्टा मी काढून घेते.' नीट लिहिलंय. कुठे पळवाट ठेवलेली नाही. हे तुम्हाला सोपं गेलं नसेल, आणि राजधानीत कोणाच्या हाती पडलं तर तुमचं काम जाईल, हेही मला कळतं.

 वाचून झाल्यावर माझा मामेभाऊ उठला, ज्याने दहा महिने माझ्याकडे पाठ फिरवली होती. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "उन्हात का बसलीस? सावलीत ये." मी सावलीत गेले.

चीफ म्हणाले, "झालं. बाइंदूवर काही राहिलं नाही. समेटाचा कोला फोडा, सगळ्यांना वाटा."

तेव्हा आई बोलली. "मास्तर, परत वाच."

मास्तरांनी परत वाचलं. आई काठीवर हनुवटी टेकून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "अजून एकदा."

चीफ म्हणाले, "म्हातारे, दोनदा वाचलं. तुझी पोरगी निर्दोष आहे, कळलं ना?"

"ते कळलं," आई म्हणाली. "पहिल्या खेपेलाच कळलं. मी दुसरं काही शोधतेय. अजून एकदा वाच."

तिसऱ्यांदा वाचलं. मग आईने माझ्याकडे पाहिलं. शेजारणीकडे नाही, माझ्याकडे. आणि विचारलं, "बाइंदू, यात तेन्नेचं नाव कुठे आहे?"

मी कागद मास्तरांच्या हातातून घेतला. मी तो इथे येताना गाडीत किती वेळा वाचला होता. माझं नाव पाच ठिकाणी आहे. तुमचं तीन. तेन्नेचं कुठेच नाही. 'त्यामुळे कुटुंबाला झालेला त्रास' असं एक आहे, शेवटून दुसऱ्या ओळीत.

मी म्हणाले, "नाही, आई."

"माझं माणूस गेलं," आई म्हणाली, "ते या कागदावर नाही."

 चीफनी कोला फोडायला घेतला होता, तो तसाच मुठीत धरून बसले.

घरी आल्यावर मी आईला बुधवारचं सांगितलं. तेन्नेने विचारलेलं, आणि मी काय उत्तर दिलं ते. तुम्हाला लिहिलं होतं ते सगळं. तुमचा कागद आल्यावर माझ्या माथ्यावरचं सगळंच उतरलं असं तिला वाटायला नको होतं. तिने ऐकून घेतलं. ती पडवीत बसली होती. तिने मला जवळ घेतलं नाही. आत जा असंही म्हणाली नाही. मी तिथेच बसले, तिच्यापासून हातभर अंतरावर. मग ती म्हणाली, "तू विश्वास ठेवलास. तेन्नेने तुझ्यावर ठेवला. आणि त्या बाईने?"

मी म्हणाले, "तिच्यावर सगळ्यांनी ठेवला."

"तिला लिही," आई म्हणाली. "मला वाचता येत नाही. मला कागद नको. तिला म्हणावं, इथे येऊन माझ्यासमोर बस आणि माझ्या पोरीचं नाव घे. ती कशी गेली ते तोंडाने सांग."

मी विचारलं, "आणि ती आली नाही तर?"

"तर मला कळेल, की कागद कशासाठी लिहिला."

म्हणून लिहितेय. बोहून सकाळी सातला गाडी सुटते. नदीवरचा तराफा दुपारी बारानंतर चालत नाही, त्याच्या आधी पोचा. पलीकडे मोटरसायकलवाले उभे असतात, केनेवाहुन म्हटलं की कोणीही आणून सोडेल. आईचं घर बारीच्या मागे तिसरं, दारात आंब्याचं झाड आहे.

आईने सांगितलंय, येणाऱ्याला भात मिळेल. माफीचं ती काही बोलली नाही.

बाइंदू